रॉकी मार्सियानो

रॉकी मार्सियानो (जन्म: १ सप्टेंबर १९२३, ब्रॉक्टन, मॅसॅच्युसेट्स, मृत्यू: ३१ ऑगस्ट १९६९, न्यूटन, आयोवा) हा अमेरिकन व्यावसायिक मुष्टियोद्धा आणि १९५२ ते १९५६ या काळातील हेवीवेट गटाचा जगज्जेता होता. त्याचे मूळ नाव रॉक्को फ्रान्सिस मार्केजियानो. व्यावसायिक कारकिर्दीत तो एकूण ४९ लढती लढला आणि त्या सर्व त्याने जिंकल्या. त्यांपैकी ४३ लढती ठरलेल्या फेऱ्या पूर्ण होण्यापूर्वीच संपल्या. एकही पराभव किंवा बरोबरी न पत्करता कारकीर्द संपवणारा तो हेवीवेट गटाचा आजवरचा एकमेव जगज्जेता आहे. असे असूनही सार्वकालिक श्रेष्ठ मुष्टियोद्ध्यांमध्ये त्याचे स्थान कोणते, याविषयी जाणकारांत एकमत नाही. त्याच्या नावावरील निर्दोष आकडा आणि तो आकडा ज्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध साधला गेला त्यांची गुणवत्ता व वय, हे या वादाचे दोन मुख्य मुद्दे आहेत.

पूर्वायुष्य

ब्रॉक्टन हे शहर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पादत्राणांच्या उद्योगासाठी प्रसिद्ध होते. रॉकीचे वडील पिएरिनो हे इटलीतील रिपा तेआतिना या गावाहून अमेरिकेत आले होते. ते पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यातून लढले आणि पुढे ब्रॉक्टनमधील पादत्राणांच्या कारखान्यात कामगार होते. आई पास्क्वालिना याही इटालियन स्थलांतरित होत्या. सहा भावंडांत रॉकी सर्वांत थोरला. सुमारे दीड वर्षाचा असताना त्याला न्यूमोनिया झाला आणि त्यातून तो कसाबसा वाचला.

शाळेत असताना त्याचा ओढा बेसबॉल आणि अमेरिकन फुटबॉल या खेळांकडे होता. दहावीनंतर त्याने शाळा सोडली आणि कोळसा व बर्फ पोहोचवणाऱ्या गाड्यांवर, खोदकामावर आणि पादत्राणांच्या कारखान्यात मिळेल ते काम केले. १९४३ मध्ये त्याची सैन्यात भरती झाली. काही काळ तो वेल्समधील स्वान्सी येथे तैनात होता. सैन्यातच त्याने हौशी मुष्टियुद्धात भाग घेण्यास सुरुवात केली. त्याची हौशी कारकीर्द फारशी उज्ज्वल नव्हती. १२ लढतींपैकी त्याने ८ जिंकल्या आणि ४ गमावल्या. मार्च १९४८ मध्ये गोल्डन ग्लोव्ह्ज स्पर्धेत कोली वॉलेसने त्याला हरवले. व्यावसायिक कारकिर्दीत कधीही न हरलेला हा योद्धा हौशी खेळात मात्र पराभवाशी परिचित होता.

दरम्यान १७ मार्च १९४७ रोजी होल्योक येथे रॉकी मॅक या टोपणनावाने त्याने आपली पहिली व्यावसायिक लढत तिसऱ्या फेरीत जिंकली होती. त्याच वर्षी त्याने शिकागो कब्ज या बेसबॉल संघाच्या कनिष्ठ संघात स्थान मिळवण्याचा प्रयत्न केला, परंतु त्याची फेक कमजोर ठरल्याने त्याला परत पाठवण्यात आले. त्यानंतर मुष्टियुद्ध हाच त्याच्यापुढे उरलेला मार्ग होता.

प्रशिक्षण आणि शैली

जुलै १९४८ पासून तो पूर्णपणे व्यावसायिक मुष्टियोद्धा बनला. न्यू यॉर्कमधील व्यवस्थापक ॲल वाइल याने त्याची जबाबदारी घेतली आणि त्याचे प्रशिक्षण चार्ली गोल्डमन या अनुभवी प्रशिक्षकाकडे सोपवले. बालमित्र ॲली कोलंबो अखेरपर्यंत त्याच्या चमूत राहिला. मार्केजियानो हे आडनाव उद्घोषकांना उच्चारता येत नसल्याने ते मार्सियानो असे सुटसुटीत करण्यात आले.

हेवीवेट गटाच्या मानाने त्याची शरीरयष्टी लहान होती. त्याची उंची सुमारे ५ फूट १० इंच आणि लढतीच्या वेळचे वजन साधारण १८४ ते १८९ पौंड, म्हणजे ८३ ते ८६ किलोग्रॅम असे. दोन्ही हात पसरल्यावरचा त्याचा आवाका सुमारे ६८ इंच होता आणि हेवीवेट जगज्जेत्यांमध्ये तो सर्वांत आखूड मानला जातो. त्याचे पदलालित्य ओबडधोबड होते. गोल्डमनने या उणिवा पुसून टाकण्याचा प्रयत्न केला नाही. त्याऐवजी त्याने मार्सियानोला अधिक वाकून लढायला शिकवले. वाकलेल्या स्थितीमुळे उंच प्रतिस्पर्ध्याला लक्ष्य सापडणे अवघड होई आणि मार्सियानोला जवळ घुसून खालून वर ठोसे मारता येत. त्याच्या उजव्या हाताच्या ठोशाला सूझी क्यू असे नाव पडले होते. गोल्डमनने त्याचा डावा हातही हळूहळू तयार केला.

मार्सियानोचे खरे बळ त्याच्या दमसासात होते. मोठ्या लढतीपूर्वी तो न्यू यॉर्क राज्यातील ग्रॉसिंगर्स या विश्रामस्थळी आठवड्यांमागून आठवडे, कुटुंबापासून दूर राहून सराव करी. रोजची लांब पल्ल्याची धाव, आहारावरील कठोर नियंत्रण आणि वजनदार पिशवीवरील ठोशांचा सराव यांमुळे शेवटच्या फेऱ्यांतही त्याच्या माऱ्याची गती फारशी कमी होत नसे. डोके लक्ष्य म्हणून मिळाले नाही तर तो प्रतिस्पर्ध्याच्या दंडांवर आणि बरगड्यांवर प्रहार करी. त्यामुळे काही फेऱ्यांनंतर समोरच्याचे हात आपोआप खाली येत.

विजेतेपदाकडे वाटचाल

१९४८ मधील व्यावसायिक पुनरागमनानंतर मार्सियानोने बहुतेक लढती काही फेऱ्यांतच संपवल्या. ३० डिसेंबर १९४९ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याची लढत कार्मिन व्हिंगो या तरुण मुष्टियोद्ध्याशी झाली. सहाव्या फेरीत कोसळलेला व्हिंगो बेशुद्धावस्थेत गेला आणि काही दिवस मृत्यूशी झुंज देत होता. तो वाचला, परंतु पुन्हा कधीही लढू शकला नाही. या घटनेचा मार्सियानोच्या मनावर खोल परिणाम झाला. वर्षभराने झालेल्या मार्सियानोच्या विवाहाला व्हिंगो उपस्थित होता.

२४ मार्च १९५० रोजी तोपर्यंत अपराजित असलेल्या रोलंड ला स्टार्झाविरुद्धची लढत त्याच्या कारकिर्दीतील सर्वांत निसटती ठरली. पंचांमध्ये मतभेद झाल्याने निकाल अत्यंत थोड्या फरकाने मार्सियानोच्या बाजूने लागला. हा निर्णय उलट लागला असता तर पुढे इतिहासात नोंदला गेलेला आकडा निर्माणच झाला नसता.

जुलै १९५१ मध्ये रेक्स लेनला हरवल्यानंतर २६ ऑक्टोबर १९५१ रोजी त्याची गाठ माजी जगज्जेता जो लुईसशी पडली. लुईस १९३७ ते १९४९ अशी जवळपास १२ वर्षे जगज्जेता होता आणि त्याने आपले विजेतेपद २५ वेळा राखले होते. करांच्या थकबाकीमुळे त्याला निवृत्ती सोडून परत यावे लागले होते. त्या वेळी त्याचे वय ३७ वर्षे होते. आठव्या फेरीत मार्सियानोच्या ठोशांनी लुईस दोऱ्यांमधून बाहेर फेकला गेला. ती लुईसची शेवटची लढत ठरली. लहानपणापासून ज्याला आदर्श मानले त्याला पाडल्यानंतर मार्सियानो लुईसच्या कक्षात जाऊन रडला.

जगज्जेतेपद

जुलै १९५२ मध्ये हॅरी मॅथ्यूजला दुसऱ्या फेरीत हरवून मार्सियानोने जगज्जेतेपदासाठी लढण्याचा हक्क मिळवला. २३ सप्टेंबर १९५२ रोजी फिलाडेल्फियातील म्युनिसिपल स्टेडियममध्ये तो जर्सी जो वॉलकॉटसमोर उभा राहिला. पहिल्याच फेरीत वॉलकॉटच्या डाव्या ठोशाने तो खाली पडला. व्यावसायिक कारकिर्दीत त्याच्यावर अशी वेळ प्रथमच आली होती. लढतीच्या मध्यावर त्याच्या डोळ्यांत काहीतरी झोंबणारे द्रव्य गेल्याने काही फेऱ्या त्याला नीट दिसत नव्हते. बाराव्या फेरीअखेर तिन्ही गुणपत्रकांवर वॉलकॉट पुढे होता. तेराव्या फेरीत वॉलकॉट दोऱ्यांजवळ सरकत असताना मार्सियानोने उजव्या हाताचा अगदी जवळून मारलेला ठोसा त्याच्या जबड्यावर बसला आणि लढत तेथेच संपली. १५ मे १९५३ रोजी शिकागो येथील फेरलढत पहिल्याच फेरीत निकाली निघाली.

त्यानंतर सप्टेंबर १९५३ मध्ये मार्सियानोने ला स्टार्झाला अकराव्या फेरीत हरवले आणि तीन वर्षांपूर्वीच्या निसटत्या विजयाविषयीची शंका बरीचशी दूर केली. १७ जून १९५४ रोजी माजी जगज्जेता एझर्ड चार्ल्स त्याच्याविरुद्ध १५ फेऱ्या टिकून राहिला. असे करणारा तो एकमेव मुष्टियोद्धा होय. निकाल गुणांवर मार्सियानोच्या बाजूने लागला. तीन महिन्यांनी, १७ सप्टेंबर रोजी झालेल्या फेरलढतीत मार्सियानोच्या नाकाला खोल चीर गेली आणि रक्तस्राव थांबेना. लढत वैद्यकीय कारणाने थांबवली जाण्याची शक्यता निर्माण झाली. आठव्या फेरीत त्याने चार्ल्सला पाडून विजेतेपद वाचवले.

मे १९५५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे त्याने इंग्लंडच्या डॉन कॉकेलला नवव्या फेरीत हरवले. या लढतीत त्याने नियमबाह्य प्रहार केल्याची तक्रार ब्रिटिश वृत्तपत्रांनी केली. २१ सप्टेंबर १९५५ रोजी न्यू यॉर्कच्या यँकी स्टेडियममध्ये लाइट हेवीवेट गटाचा जगज्जेता आर्ची मूर याच्याशी झालेली लढत त्याची शेवटची ठरली. दुसऱ्या फेरीत मूरने त्याला खाली पाडले, परंतु नवव्या फेरीत मूर स्वतः उठू शकला नाही.

निवृत्ती आणि उत्तरायुष्य

२७ एप्रिल १९५६ रोजी वयाच्या ३२ व्या वर्षी मार्सियानोने निवृत्ती जाहीर केली. पत्नी बार्बरा व मुलगी यांच्यापासून वारंवार दूर राहावे लागणे, पाठीचे दुखणे आणि उत्पन्नातील वाट्यावरून वाइलविषयी वाढलेली नाराजी ही यामागची कारणे सांगितली जातात. १९५९ मध्ये त्याने पुनरागमनाचा विचार करून गुप्तपणे सरावही सुरू केला होता, परंतु सुमारे महिनाभरात तो बेत सोडून दिला.

निवृत्तीनंतर त्याने दूरचित्रवाणीवर मुष्टियुद्धविषयक कार्यक्रम केला आणि ठिकठिकाणी निमंत्रित पाहुणा म्हणून उपस्थिती लावली. गरिबीत वाढल्यामुळे पैशाविषयी तो कमालीचा सावध होता. बँकांवर त्याचा विश्वास नव्हता आणि मोबदला तो शक्यतो रोखीने घेई. ही रक्कम त्याने कोठे ठेवली हे कुटुंबालाही माहीत नव्हते. तिचा मोठा भाग त्याच्या मृत्यूनंतर सापडला नाही.

३१ ऑगस्ट १९६९ रोजी, ४६ व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, त्याचे छोटे खासगी विमान खराब हवामानात आयोवा राज्यातील न्यूटनजवळ कोसळले. या अपघातात वैमानिक आणि अन्य एका प्रवाशासह त्याचा मृत्यू झाला.

श्रेष्ठत्वाविषयीचा वाद

मार्सियानोच्या श्रेष्ठत्वावर घेतला जाणारा सर्वांत मोठा आक्षेप प्रतिस्पर्ध्यांच्या वयाविषयी आहे. लुईस ३७ वर्षांचा होता, तर पहिल्या लढतीच्या वेळी वॉलकॉटचे वय ३८ होते. मूरच्या जन्मवर्षाविषयी मतभेद असले तरी तो चाळिशीच्या आसपास होता. चार्ल्स तिशीतच असला तरी त्याची सर्वोत्तम वर्षे लाइट हेवीवेट गटात खर्च झाली होती. मार्सियानो दोन पिढ्यांच्या मधल्या पोकळीत जगज्जेता झाला, आधीची पिढी उतरणीला लागली होती आणि सनी लिस्टनसारखे पुढचे योद्धे अजून तयार व्हायचे होते, असा या आक्षेपाचा सारांश आहे. शिवाय त्याने विजेतेपद केवळ सहा वेळा राखले. लुईसच्या २५ वेळांच्या तुलनेत हा आकडा लहान आहे.

या आक्षेपात तथ्य असले तरी तो सर्वांना सारखा लागू पडत नाही. वॉलकॉटने ३७ व्या वर्षी जगज्जेतेपद मिळवले होते. इतक्या वयात ते मिळवण्याचा त्याचा विक्रम १९९४ मध्ये जॉर्ज फोरमनने मोडेपर्यंत टिकला. त्यामुळे मार्सियानोसमोर उभा राहिलेला वॉलकॉट वयाने मोठा असला तरी संपलेला नव्हता, हे त्या लढतीच्या गुणपत्रकांवरूनही दिसते. मूरने तर मार्सियानोशी लढण्यापूर्वी, मे १९५५ मध्ये, क्यूबाच्या निनो वाल्देसला हरवले होते आणि नंतरही अनेक वर्षे तो आपल्या गटाचा जगज्जेता राहिला. डिसेंबर १९५८ मध्ये यव्हॉन ड्युरेलविरुद्ध चार वेळा खाली पडूनही त्याने लढत जिंकली. लुईसच्या बाबतीत मात्र आक्षेप पूर्णपणे ग्राह्य ठरतो. तो विजय मार्सियानोच्या प्रसिद्धीत भर घालतो, परंतु त्याच्या श्रेष्ठत्वाचा पुरावा म्हणून त्याचे मोल मर्यादित आहे.

दुसरा मुद्दा शरीरयष्टीचा आहे. आजच्या वर्गवारीनुसार मार्सियानो हेवीवेट ठरलाच नसता. १९८० च्या सुमारास अस्तित्वात आलेल्या क्रूझरवेट गटाची सध्याची कमाल मर्यादा २०० पौंड आहे आणि मार्सियानोचे वजन त्यापेक्षा बरेच कमी होते. त्याची त्वचा सहज फाटत असे आणि लांब हातांच्या, वेगवान प्रतिस्पर्ध्याविरुद्ध ती मोठी उणीव ठरली असती. दुसरीकडे, त्याच्या काळातील अनेक हेवीवेट योद्धे त्याच वजनाच्या आसपासचे होते. एखाद्या योद्ध्याला त्याच्या काळाच्या मापाने मोजायचे की काल्पनिक लढतींच्या, यावर या मुद्द्याचे उत्तर अवलंबून राहते.

अशा काल्पनिक लढतींचे आकर्षण मार्सियानोच्या हयातीतच निर्माण झाले होते. १९६७ मध्ये मरे वोरोनर या निर्मात्याने संगणकाच्या साहाय्याने वेगवेगळ्या काळातील हेवीवेट योद्ध्यांची नभोवाणी स्पर्धा रचली. तिच्या अंतिम लढतीत मार्सियानोने जॅक डेम्प्सीला हरवल्याचे दाखवण्यात आले. १९६९ मध्ये मार्सियानो आणि महंमद अली यांच्या लुटुपुटुच्या लढतीचे चित्रीकरण झाले. अली तेव्हा सैन्यभरतीस नकार दिल्यामुळे मुष्टियुद्धापासून दूर ठेवला गेला होता. त्यासाठी मार्सियानोने वजन बरेच कमी केले आणि डोक्यावर केसांचा टोप चढवला. चित्रपट त्याच्या मृत्यूनंतर, २० जानेवारी १९७० रोजी दाखवला गेला. अमेरिकेतील आवृत्तीत मार्सियानो तेराव्या फेरीत जिंकतो, तर युरोपात दाखवलेल्या आवृत्तीत विजय अलीचा झाला. प्रेक्षक बदलल्यावर निकालही बदलल्यामुळे अशा तुलनांची विश्वासार्हता किती, हे स्पष्ट झाले.

वादाला वंशाची किनारही आहे. लुईस, चार्ल्स आणि वॉलकॉट या कृष्णवर्णीय जगज्जेत्यांनंतर आलेला श्वेतवर्णीय विजेता म्हणून मार्सियानोला अमेरिकेत विशेष प्रेम मिळाले. त्याच्या कौतुकात कर्तृत्वाचा वाटा किती आणि वर्णाचा किती, हा प्रश्न टीकाकारांनी उपस्थित केला. मार्सियानोने स्वतः मात्र वर्णाच्या आधारे कोणालाही टाळले नाही. विजेतेपदाच्या सात लढतींपैकी पाच तो कृष्णवर्णीय योद्ध्यांशीच लढला.

तज्ज्ञांनी त्याला दिलेली स्थाने परस्परांपासून बरीच दूर आहेत. द रिंग या मासिकाचे संस्थापक नॅट फ्लायशर यांनी आपल्या सार्वकालिक हेवीवेट यादीत त्याला दहावे स्थान दिले आणि जॅक जॉन्सनला पहिले. अनेक याद्यांत लुईस आणि अली त्याच्या पुढे असतात, परंतु पहिल्या दहांतून त्याला वगळणाऱ्या याद्या कमी आहेत.

अपराजित विक्रमाचा अर्थ

मार्सियानोचा ४९ विजयांचा आकडा पुढे अनेकांच्या कारकिर्दीचे माप ठरला. लॅरी होम्स ४८ विजयांवर असताना २१ सप्टेंबर १९८५ रोजी मायकेल स्पिंक्सकडून पराभूत झाला. मार्सियानोच्या शेवटच्या लढतीला त्याच दिवशी ३० वर्षे पूर्ण होत होती. डेन्मार्कचा ब्रायन नील्सन ४९ विजयांपर्यंत पोहोचला, परंतु १९९९ मध्ये पन्नासाव्या लढतीत डिकी रायनकडून हरला. नील्सनचे बहुतेक प्रतिस्पर्धी दुय्यम दर्जाचे असल्याने तो आकडा गाठूनही त्याची गणना श्रेष्ठांमध्ये झाली नाही. हलक्या वजनगटांत लढणाऱ्या फ्लॉइड मेवेदरने २०१७ मध्ये ५० वा विजय मिळवला, परंतु तो व्यावसायिक मुष्टियुद्धात प्रथमच उतरलेल्या कॉनर मॅकग्रेगरविरुद्ध होता.

केवळ आकड्याने श्रेष्ठत्व सिद्ध होत नाही, हे या उदाहरणांतून दिसते. मार्सियानोचा दावा जितका शून्य पराभवांवर उभा आहे, तितकाच तो पराभव अगदी जवळ आलेल्या लढतींवरही उभा आहे. वॉलकॉटविरुद्ध तो गुणांवर मागे होता, चार्ल्सविरुद्ध जखमेमुळे लढत हातची जाण्याची वेळ आली होती आणि मूरने त्याला पाडले होते. या तिन्ही वेळा निकाल त्याने स्वतःच्या ठोशांनी बदलला. तंत्र, आवाका आणि वेग यांत तो अनेक जगज्जेत्यांच्या मागे होता. सहनशक्ती, प्रहाराची ताकद आणि उणिवांवर मात करण्याची तयारी या गुणांत त्याच्या पुढे असलेले फार थोडे आहेत.

सन्मान

द रिंग मासिकाने मार्सियानोला १९५२, १९५४ आणि १९५५ या वर्षांचा सर्वोत्तम मुष्टियोद्धा म्हणून गौरवले. १९९० मध्ये आंतरराष्ट्रीय मुष्टियुद्ध सन्मानदालनात त्याचा समावेश झाला आणि १९९९ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्याच्यावर तिकीट काढले. ब्रॉक्टनमधील शाळेच्या क्रीडांगणाला त्याचे नाव आहे. त्याच्या जगज्जेतेपदाला ६० वर्षे झाली त्या वर्षी, २०१२ मध्ये, जागतिक मुष्टियुद्ध परिषदेने भेट दिलेला त्याचा भव्य पुतळा तेथे उभारण्यात आला. वॉलकॉटविरुद्धच्या लढतीतील निर्णायक ठोशाची मुद्रा त्यात साकारलेली आहे.